चेहऱ्यावरचा प्रकाश

आपल्या घरांतील भिंतींवर वडीलधाऱ्या माणसांच्या ज्या तसबिरी असतात, त्यांपैकी कितीतरी मुळात त्या माणसाची स्वतंत्र छायाचित्रे नव्हेतच. कुणाच्या तरी लग्नातील समूहचित्रातून एक चेहरा कापून घेतलेला असतो, तो वाजवीपेक्षा अधिक वाढविलेला असतो, आणि कपाळावर फ्लॅशचा पांढराफेक डाग तसाच राहिलेला असतो. ज्या माणसाने उभे आयुष्य घरासाठी झिजविले त्याचे एकही धड चित्र घरात नसावे, ही गोष्ट कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात येऊन बसलेल्या या काळात अधिकच खटकते. उणीव कॅमेऱ्याची नाही, प्रकाशाची आहे. म्हणून आज, श्रोतेहो, मी बोलणार आहे ते सॉफ्टबॉक्स नावाच्या एका साध्या कापडी उपकरणाविषयी. आणि तेही पगारदार माणसाला परवडेल अशा, परंतु आकाराने मोठ्या सॉफ्टबॉक्सविषयी.

प्रकाश कठोर केव्हा होतो आणि मृदू केव्हा, हे एकदा नीट उमगले की खरेदीचे निम्मे काम झाले. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. पण तो आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. म्हणूनच भर दुपारी नाकाची सावली ओठावर सुरीने कापल्यासारखी पडते. तेच आभाळ भरून आले, म्हणजे प्रकाश सूर्याच्या बिंबातून न येता सबंध नभोमंडलातून येऊ लागतो आणि सावल्यांच्या कडा विरघळून जातात. म्हणजे प्रकाशाची मृदुता ही दिव्यात किंवा पुढच्या कापडात नसते. चेहऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले असता तो प्रकाश किती मोठा दिसतो, यात ती असते.

१२० सेंटिमीटर व्यासाचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून १२० सेंटिमीटरवर ठेवला, तर तो सुमारे ५३ अंशांचा कोन व्यापतो. तोच ४ मीटर मागे नेला की हा कोन १७ अंशांवर येतो. किंमत तीच, कापड तेच, पण प्रकाश आता निराळा आणि बराच कडक. याचा दुसरा अर्थ असा की, ६० सेंटिमीटरची लहान पेटीसुद्धा ६० सेंटिमीटरवर आणली तर तितकाच मृदू प्रकाश देईल. मग मोठी घ्यावयाची कशाला? कारण इतक्या जवळ आणलेली पेटी चित्राच्या चौकटीत घुसते, आणि चेहरा उजळला तरी खांदे व हात काळोखात राहतात. एका माणसाचे कमरेपर्यंतचे चित्र हा हेतू असेल, तर १२० सेंटिमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स मला सर्वांत हिशेबी वाटतो. आजी-आजोबांना शेजारी बसवून चित्र घ्यावयाचे असेल तर १५० सेंटिमीटरचा बरा. मात्र मध्यम खोलीत तो एखाद्या लठ्ठ पाहुण्यासारखा वावरतो, हेही ध्यानात ठेवावे.

मोठा प्रकाश म्हणजे मोठा खर्च, ही समजूत आपल्याच देशातील एका छायाचित्रकाराने फार पूर्वी खोटी ठरविली. सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’ हा चित्रपट १९५६ साली आला. त्यातील काशीच्या घराचे अंगण पावसाच्या भीतीने कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारावे लागले. मोकळ्या आकाशाखालच्या अंगणात जो सावलीविरहित उजेड झरतो, तो स्टुडिओतील दिव्यांनी आणावयाचा कसा? छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी अंगणावर पांढरे कापड ताणले आणि खालून दिवे त्या कापडावर टाकले. परावर्तित होऊन खाली आलेला तो प्रकाश इतका स्वाभाविक होता की, अंगण स्टुडिओतले आहे याची शंकाही येत नाही. सॉफ्टबॉक्स म्हणजे तत्त्वतः याहून वेगळे काही नाही. पांढऱ्या भिंतीवर फ्लॅश उलटा मारला, किंवा खिडकीवर धुवट पांढरा मांजरपाट ताणला, तरी हेच साधते. मांजरपाट कोरा मात्र नको. त्याचा पिवळसरपणा थेट कातडीवर उतरतो.

आता बाजाराकडे वळू. स्वस्त सॉफ्टबॉक्समध्ये दोन जाती आढळतात. एकीत सुट्या काड्या कड्यात एकेक ओवून ताण द्यावा लागतो; बोटे दुखतात, पण सांगाडा टिकतो. दुसरी जात छत्रीसारखी उघडते. घरच्या वापराला मी छत्रीची जातच सुचवीन, कारण जे उभे करावयास पाऊण तास लागतो ते माळ्यावरच पडून राहते. विकत घेण्यापूर्वी जोडणी कोणती आहे ते पाहावे. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ साली बंद पडली. परंतु तिने रूढ केलेली जोडणी आज अनेक उत्पादकांनी स्वीकारली आहे. ती असली म्हणजे पुढे दिवा बदलला तरी पेटी बदलावी लागत नाही. कॅमेऱ्यावरचा लहान फ्लॅश वापरावयाचा असेल, तर त्याला धरून ठेवणारा व याच जोडणीचा कंस वेगळा मिळतो. वेष्टनावरील ‘पॅराबोलिक’ या शब्दाला भुलू नये. स्वस्त मालात तो बहुधा केवळ अलंकार असतो.

खरी परीक्षा आतल्या पडद्याची. पुढच्या पांढऱ्या कापडामागे आत आणखी एक लहान पडदा असावयास हवा. तो नसला तर मध्यभागी प्रखर ठिपका आणि कडेला अंधुक उजेड, असा प्रकार होतो. म्हणजे पैसे १२० सेंटिमीटरचे मोजावयाचे आणि प्रकाश ५० सेंटिमीटरचा घ्यावयाचा. हे तपासण्याची युक्ती सोपी आहे. फ्लॅश सर्वांत कमी शक्तीवर ठेवावा, कॅमेऱ्याचे छिद्र एफ १६ इतके लहान करावे, आणि सॉफ्टबॉक्सचेच छायाचित्र घ्यावे. पडदा कडेपर्यंत किती भरला आहे ते चित्रात लख्ख दिसते. लहान फ्लॅशच्या बाबतीत त्याचा झोत सर्वांत रुंद करून पुन्हा पाहावे. दोन पडद्यांत प्रकाश बराच खर्च होतो हे खरे. पण पेटी चेहऱ्याच्या जवळ असल्यामुळे ते निभावते. अंतर निम्मे केले की प्रकाश चौपट होतो, हा निसर्गाचा नियम येथे आपल्या बाजूने उभा राहतो. एक इशारा मात्र गंभीरपणे देतो: फ्लॅशसाठी शिवलेल्या नायलॉनच्या पेटीत हॅलोजनचा तापणारा दिवा कदापि लावू नये, आग लागू शकते.

सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला सर्वांत कमी दराच्या निविदेविषयी एक प्रकारचा आदर वाटत असतो. स्टँडच्या बाबतीत तो आदर खुंटीला टांगून ठेवावा. मोठी पेटी म्हणजे शीडच. पंख्याच्या वाऱ्यानेही ती कलते, आणि खाली म्हातारे माणूस बसलेले असते. कापडात वाचविलेले पैसे जाड पायांच्या स्टँडवर घालावेत आणि पायाशी वाळूची पिशवी ठेवावी. पिशवी घरीही शिवता येते.

आपल्या लोकांचे सावळे वर्ण, आपली वस्त्रे, आपले दागिने यांना मोठा प्रकाश विशेष मानवतो, असे माझे मत आहे. सावळ्या कातडीचा घाट तिच्यावरील चकाकीतून उमटतो. उघडा फ्लॅश त्या चकाकीचा एकच तेलकट ठिपका करतो, तर मोठी पेटी तिला गालावर सावकाश पसरू देते. पैठणीचा पदर लहान दिव्याखाली नुसता चमचमतो. मोठ्या प्रकाशात त्याच्या ताण्याबाण्याचे दोन रंग वेगवेगळे दिसू लागतात. नथीच्या मोत्यांत आणि डोळ्यांच्या बाहुल्यांत त्या पेटीचे प्रतिबिंब उमटते, आणि त्या लहानशा तेजाने मुद्रा जिवंत होते. म्हणून पेटी डोळ्यांहून किंचित वर, एका बाजूस ठेवावी. दुसऱ्या बाजूस पांढरा पुठ्ठा धरला तर दुसऱ्या दिव्याची गरज नाही.

चष्म्याचा तेवढा प्रश्न उरतो. मोठी पेटी काचेत मोठीच दिसते. अशा वेळी पेटी आणखी वर न्यावी, किंवा चष्म्याच्या काड्या कानांवरून अर्धा बोटभर उचलाव्यात; काचा खाली कलतात आणि प्रतिबिंब निघून जाते. चष्मा काढावयास मात्र सांगू नये. चाळीस वर्षे चष्मा लावलेल्या वडिलांचा उघडा चेहरा घरच्यांनाच परका वाटतो.