गार अमाइन आणि माझा शहाणा कोड

आज थोडं गॅसबद्दल. वसईजवळच्या समुद्रातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. विषारीच. तो हजीऱ्याला काढतात. टॉवरमध्ये खालून गॅस, वरून अमाइनचं द्रावण. अमाइन विष शोषतं, मग दुसऱ्या टॉवरमध्ये तापवून ते सोडवायचं आणि अमाइन परत वापरायचं. खरा खर्च या तापवण्याच्या वाफेचा.

अशाच एका प्लांटसाठी, नाव नको, मी सॉफ्टवेअर लिहीत होतो. अमाइन गार तर शोषण जास्त, एवढं मी वाचलेलं. मग कमी अमाइन फिरवा, वाफ वाचवा! कोड सांगत गेला, अजून गार करा. दोन दिवस आपण खूश. तिसऱ्या रात्री टॉवरच्या वर-खालच्या प्रेशरमधला फरक चढायला लागला, बाहेरच्या गॅसमधला सल्फाइडही वाढला.

शिफ्टवरच्या काकांनी आधी गॅस कमी केला, अँटीफोम टाकलं. मग माझ्याकडे वळले. "अरे, गॅसपेक्षा अमाइन गार केलंस तू! गार तांब्यावर पाणी जमतं ना, तसं गॅसमधलं हलकं तेल आत जमलं. झाला फेस. अमाइन गॅसपेक्षा पाचेक डिग्री गरमच हवं."

मी विचारलं, गळती झाली तर वास येईल ना?

"१०० पीपीएमच्या पुढे नाकच बंद पडतं रे."

गॅसच्या तापमानाचा कॉलम माझ्या डेटात होता. मधे मधे रिकामा होता, म्हणून मीच उडवला होता.