मोबाईल चालवता येतो, पण वाचता येतं का?

आजचा विषय तुमच्या घरातल्या लहान भावंडांचा, भाचरांचा, पुतण्यांचा आहे.

चार-पाच वर्षांचं पोर फोन हातात घेतं, माईकचं बटण दाबतं आणि बोलून हवं ते कार्टून लावतं. आपण म्हणतो, "काय हुशार आहे बघा!" हुशार आहेच. पण या सगळ्यात त्याला एकही अक्षर वाचावं लागलेलं नाही. माझा मुद्दा इथून सुरू होतो.

'असर' हा सर्व्हे तुम्ही ऐकला असेल. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून त्याचं काम बघते. २०२३ मध्ये त्यांनी ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना भेटून माहिती घेतली. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि त्यांना तो वापरताही येत होता. त्याच मुलांपैकी साधारण २५ टक्क्यांना दुसरीच्या पातळीचा मजकूर स्वतःच्या भाषेत सलग वाचता येत नव्हता. म्हणजे दर चारातला एक. आणि ही कॉलेजच्या उंबरठ्यावरची मुलं आहेत!

असं का होतं? बोलणं मूल आपोआप शिकतं, वाचणं शिकवावं लागतं. आपल्या मराठीत तर काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरं असा सगळा पसारा. 'सूर्य' वाचताना मूल 'सू' वर थांबतं, मग त्या रफाराशी झटापट करतं. एकेक अक्षर जुळवत ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. डोकं अक्षरं लावण्यातच दमलं, तर अर्थ कधी लागणार? म्हणून आधी वाचन सहज व्हायला हवं, आणि त्याला सरावाशिवाय दुसरा उपाय नाही.

आता मी स्वतः पॉडकास्ट करते, त्यामुळे ऐकण्याच्या विरोधात बोलणार नाही. गोष्टी ऐकून शब्द वाढतात, ते चांगलंच आहे. पण व्हिडिओ त्याच्या वेगाने पळतो. वाचताना मात्र वेग तुमच्या हातात असतो. थांबता येतं, मागे जाता येतं, "हे खरं आहे का?" असं विचारता येतं.

आणि हे फक्त परीक्षेपुरतं नाहीये. "तुमचं लाइट बिल थकलंय, आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा" हा फसवा मेसेज बऱ्याच जणांना आलाय. नीट वाचणारा आधी पाठवणाऱ्याचा नंबर बघतो, मजकुरातल्या चुका बघतो. ज्याला वाचायचाच कंटाळा, तो थेट फोन लावतो. कर्जाच्या ॲपच्या अटी, नोकरीचा फॉर्म, औषधाच्या पाकिटावरची सूचना, सगळीकडे हेच.

मग फोन काढून घ्यायचा का? नाही हो. त्याच फोनवर 'स्टोरीवीव्हर'वर मराठीत चित्रगोष्टी फुकट आहेत. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात. दुसरी युक्ती सबटायटलची. आयआयएम अहमदाबादमध्ये १९९६ ला ब्रिज कोठारी यांनी एक साधी कल्पना मांडली: गाणं ज्या भाषेत, त्याच भाषेत शब्द खाली दाखवायचे. गाणं पाठ असतं, त्यामुळे डोळे आपसूक अक्षरांवर जातात. पोरांना मराठी गाणी लावताना शब्द दिसणारा व्हिडिओ निवडा, एवढंच.

आणि तिसरी गोष्ट तुम्हालाच करायची आहे. रोज दहा मिनिटं त्या पोराच्या शेजारी बसा. एक पान तुम्ही वाचा, एक त्याला वाचू द्या. अडखळला तर लगेच शब्द सांगू नका, जरा थांबा. वाचून झाल्यावर "पुढे काय होईल रे?" असं विचारा. दुकानाची पाटी, एसटीचा बोर्ड, बिस्किटाचा पुडा, काहीही वाचायला चालतं. आईबाबा कामात असतात, पण ताई-दादाचं मूल ऐकतं. हा अधिकार वापरा.

आजच घरात कोणाला तरी जवळ बसवा आणि एक पान मोठ्याने वाचून घ्या. कुठे अडतंय ते तुमच्या लगेच लक्षात येईल. कसं झालं, ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!