पैसा बाईचा, कष्ट बाईचे, कागद कुणाचा?

(गारगोटी येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला विषय दिला आहे तो 'गावात राहणे आणि गावात पैसा गुंतवणे'. गुंतवणूक म्हटले की आपल्याला वाटते, हा शेअरबाजारवाल्यांचा शब्द. पण इथे बसलेल्या प्रत्येकीने गुंतवणूक केलेली आहे. कुणी अंगावरचा डाग मोडून विहिरीवर मोटार बसवली. कुणी गटाचे कर्ज काढून म्हैस घेतली. कुणी मुंबईत पोळ्या लाटून गावच्या घरावर स्लॅब टाकला. माझा प्रश्न एवढाच : पैसा बाईने घातला, कष्ट बाईने घातले, मग कागदावर नाव कुणाचे?

मी याच भुदरगड तालुक्यातली. लग्न होऊन मुंबईला गेले, तिथे नोकरी केली आणि २०१६ साली निवृत्त झाल्यावर आम्ही दोघे गावी राहायला आलो. आपल्या जिल्ह्यातली माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेली. १९८२च्या संपानंतर पुष्कळजण परतले. त्यांच्या मागे गावाकडे शेत कुणी पिकवले? म्हाताऱ्यांना कुणी सांभाळले? बायांनीच. पण देशाच्या २०१५-१६च्या कृषी गणनेत बाईच्या नावे कसली जाणारी खाती शंभरात सुमारे चौदाच भरली. बाकीच्या आपण कुठे आहोत? रानात आहोत, कागदात नाही.

कागदात नसल्याने काय बिघडते, असे विचारणारे भेटतात. पुरात पीक गेले की भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाने येते. सोसायटीचे पीककर्ज खातेदाराला मिळते. आणि उद्या एखादा एजंट गाडी घेऊन दारात आला, नवऱ्याने रान विकायचे ठरवले, तर सही मागतील ती नाव असलेल्याची. आपण चहा करून द्यायच्या.

आता जरा लांबची गोष्ट सांगते. इंडोनेशिया हा आपल्यासारखाच भातशेतीचा देश. तिथे १९६०च्या जमीन कायद्याने पूर्ण मालकीची जमीन फक्त तिथल्या नागरिकाला घेता येते, आणि तो हक्क बाईला आणि पुरुषाला सारखाच, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. बाहेरचे लोक मग तिथल्या माणसाच्या नावाने जमीन घेतात. पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचे. भांडण झाले की नाववाला मालक ठरतो. पण त्यात बाईचे काय झाले पाहा. परदेशी माणसाशी लग्न केलेल्या इंडोनेशियन बाईला आपल्याच देशात जमीन घेता येईना! कारण लग्नानंतर घेतलेली मालमत्ता दोघांची धरतात, आणि नवरा तर परका. लग्नाआधी वेगळा करार केलेला असेल तरच तिची सुटका. शेवटी एक बाई कोर्टात गेली आणि २०१६ साली तिथल्या घटना न्यायालयाने सांगितले की, असा करार लग्नानंतरही करता येईल. कायद्यात समान हक्क लिहिलेला होताच. तो हाती येण्यासाठी एका बाईला भांडावे लागले.

आपल्याकडेही असेच आहे. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला सरकारी परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. खरेदीच्या वेळी शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून सातबारा मागतात. शहरात कमावणाऱ्या बाईच्या नावे सातबारा नसतो. मग ती काय करते? भावाच्या नाहीतर दिराच्या नावाने घेते. 'घरातलाच माणूस आहे' म्हणते. पण १९८८च्या बेनामी कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या एकट्याच्या नावे घेतलेली अशी जमीन 'पैसा माझा होता' म्हणून कोर्टात परत मागणे जवळजवळ अशक्य. इंडोनेशियातला परदेशी माणूस आणि आपल्या गावची बाई, दोघांची गत एकच. फरक एवढाच की तो परका आहे, आणि आपण इथल्याच असून परक्या.

यातून वाट आहे, आणि ती माहेरातून जाते. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा दिला; पण त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ साली केंद्राने कायदा बदलला, त्यात विवाहित-अविवाहित हा भेद राहिला नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हा हक्क जन्मापासूनचा आहे, २००५ साली वडील हयात असोत वा नसोत. मात्र २० डिसेंबर २००४पूर्वी रीतसर झालेली वाटणी त्याने मोडत नाही.

म्हणजे कायदा झाला. आणि कायदा झाल्यावर गावोगाव काय सुरू झाले? हक्कसोडपत्र. वडील वारले की बहिणीला गाडी पाठवून बोलवायचे, साडीचोळी करायची आणि तहसील कचेरीजवळ नेऊन सही घ्यायची. मलाही बोलावले होते. मी सही केली नाही. माझ्या वाट्याला दहा गुंठे आले. थोरली बहीण म्हणाली, "अगं, भाऊ तुटंल की!" दोन वर्षे भाऊ बोलला नाही, हे खरे. नागपंचमीला माहेरी गेले नाही, तेही खरे. ते सोपे नव्हते. तिसऱ्या वर्षी तोच आला. आज ते दहा गुंठे तोच कसतो आणि निम्मे भात मला देतो. पण सातबाऱ्यावर माझे नाव आहे.

हक्कसोडपत्रावर सही करताना आपण दोन-चार गुंठेच सोडत नाही. शेतकरी म्हणून खरेदीला उभे राहण्याचा पुरावाही सोडतो. पुढे कधी स्वतःच्या पैशाने स्वतःच्या नावे रान घ्यायचे म्हटले, तर तो छोटा तुकडाच कामी येतो. कुणाला माहेरची स्थिती पाहून वाटा सोडावासा वाटला तर तो तिचा अधिकार आहे. पण तो समजून-उमजून सोडावा, साडीच्या घडीत नव्हे.

सासरच्या बाजूलाही मार्ग आहेत. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले. त्यापाठोपाठ लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला, आणि अनेक गावांत पुरुषांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. १९९२ साली शासनाने परिपत्रक काढून पतीच्या अर्जावर पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. गावठाणातल्या घरासाठी 'घर दोघांचे' हा शासनाचा निर्णय २००३चा. शहरात नाहीतर गावात राहते घर विकत घेताना खरेदी बाईच्या नावे असेल, तर २०२१पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम २०२०पासून स्वामित्व योजनेत चालू आहे. तुमच्या गावची पत्रिका झाली असेल तर तिच्यावर कुणाचे नाव पडले ते पाहा. दुसरे म्हणजे मृत्युपत्र. हिंदू वारसा कायद्यात मूल नसलेल्या विधवेची स्वकमाई, तिने काही लिहून ठेवले नसेल तर, नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिला सांभाळणाऱ्या भाचीला काही मिळत नाही.

मैत्रिणींनो, १९४२ साली याच गारगोटीच्या कचेरीवर लोक चालून गेले आणि काहींनी प्राण दिले. आपल्याला आज कचेरीत जायचे आहे ते फक्त उतारा मागायला. पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीने तीन कागद आणावेत : सासरचा सातबारा, माहेरचा सातबारा आणि घराचा नमुना आठ. आपण एकत्र बसून वाचू. जिचे नाव नाही तिचा अर्ज तिथेच लिहू, आणि तलाठ्याकडे जाताना तिच्याबरोबर चौघीजणी जाऊ. एकटीला 'साहेब नाहीत' म्हणतात. पाचजणींना खुर्ची देतात.