परदेशी जन्मलेल्या बालकाचे पहिले पारपत्र
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



अशा संमेलनात विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या, उद्योगधंदे किंवा विवाहसंस्था यांवर बोलण्याचा प्रघात आहे. तो मोडून मी आज पाळण्यातील बालकाच्या पासपोर्टाविषयी, म्हणजेच पारपत्राविषयी बोलणार आहे. विषय किरकोळ भासेल; परंतु आपल्यापैकी अनेकांचे मुलगे, मुली, सुना व जावई आज अमेरिकेत, इंग्लंडात, जर्मनीत वा आखाती देशांत नोकरीनिमित्त राहतात आणि तेथेच त्यांना अपत्ये होतात. त्या अपत्याचे पहिले पारपत्र कोणत्या देशाचे असावे, हा प्रश्न केवळ प्रवासाचा नसून नागरिकत्वाचा आहे. तो प्रसूतीनंतरच्या धावपळीत नव्हे, तर प्रसूतीपूर्वी शांतपणे सोडवावा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

पूर्वी लहान मुलाचे नाव आईच्या किंवा वडिलांच्या पारपत्रात लिहिले जाई आणि तेवढ्यावर ते मूल सातासमुद्रापलीकडे जाऊन येई. येथे बसलेल्या काही वडीलधाऱ्यांचा बालपणीचा प्रवास तसाच झाला असेल. आता ती सोय उरलेली नाही. एका व्यक्तीस एक पारपत्र, हा आंतरराष्ट्रीय दंडक झाला असून महिन्याभराच्या तान्ह्या बाळासही स्वतंत्र पारपत्र लागते. घरी आजोबा अत्यवस्थ असल्याचा निरोप आला आणि बाळाचे कागद तयार नसले, तर मुलास मागे ठेवता येत नाही म्हणून आईलाही थांबावे लागते. कागदाचे मोल अशा वेळी कळते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नागरिकत्व देण्याच्या दोन रीती जगात रूढ आहेत. एक जन्मभूमीची आणि दुसरी वंशाची. ज्या भूमीवर जन्म झाला त्या भूमीचा नागरिक, ही पहिली. आईबाप ज्या देशाचे त्या देशाचा नागरिक, ही दुसरी. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने पहिली रीत स्वीकारली आणि १८९८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने चिनी आईबापांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेल्या एका गृहस्थाच्या खटल्यात तिच्यावर शिक्कामोर्तब केले. कॅनडातही सामान्यतः हीच रीत आहे.

परंतु परदेशात जन्म म्हणजे परदेशी नागरिकत्व, असा जो समज आपल्याकडे पसरला आहे, तो इतर अनेक देशांना लागू पडत नाही. इंग्लंडात १ जानेवारी १९८३ पासून, आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक अथवा तेथे कायम वास्तव्याचा हक्क मिळविलेले असल्याशिवाय बालक जन्मतः ब्रिटिश होत नाही. ऑस्ट्रेलियाने १९८६ साली व आयर्लंडने २००५ साली असेच निर्बंध घातले. जर्मनीत आई किंवा वडील काही वर्षे कायदेशीरपणे राहिलेले व कायम वास्तव्याचा हक्क असलेले हवेत. ही वर्षे पूर्वी आठ होती, ती जून २०२४ पासून पाच झाली. आखाती देशांत तर भारतीय दांपत्याच्या अपत्यास केवळ तेथील जन्मामुळे नागरिकत्व मिळत नाही. अशा ठिकाणी जन्मलेल्या आपल्या नातवंडास भारताखेरीज दुसरा देश नसतो. आणि भारताचे नागरिकत्व आपोआप पदरात पडेल असे समजून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे.

ते धोक्याचे का, हे आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यावरून कळेल. प्रारंभी परदेशात जन्मलेल्या मुलास केवळ पित्याच्या नात्याने भारतीय नागरिकत्व मिळे. आई भारतीय असूनही तिच्या नात्यास कायद्यात स्थान नव्हते. १० डिसेंबर १९९२ पासून तो अन्याय दूर झाला आणि आई किंवा वडील यांपैकी कोणीही भारतीय असले तरी पुरेसे ठरले. पुढे ३ डिसेंबर २००४ पासून मात्र एक नवी अट आली. परदेशातील जन्माची नोंद भारतीय वकिलातीत एक वर्षाच्या आत केली पाहिजे, अन्यथा ते बालक भारताचे नागरिक ठरत नाही. वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी मागता येते; पण मग सारेच लांबणीवर पडते. वकिलातीतील ही नोंद आणि पारपत्राचा अर्ज ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिल्यावाचून दुसरे होत नाही.

या नोंदीच्या वेळी आईबापांना लेखी प्रतिज्ञा करावी लागते की, बालकापाशी अन्य कोणत्याही देशाचे पारपत्र नाही. या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाचे मर्म साठविलेले आहे. ज्याने प्रथम परदेशी पारपत्र काढले, त्यास ही प्रतिज्ञा करता येत नाही. आधी एक घेऊ, मग दुसरे पाहू, असा विचार येथे चालत नाही. भारत दोन नागरिकत्वे मान्य करीत नाही. भारतीय म्हणून नोंदलेल्या बालकास जन्मभूमीचे नागरिकत्वही लाभलेले असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने ते परके नागरिकत्व सोडावे लागते; न सोडल्यास भारताचे जाते.

अमेरिकेत जन्मलेल्या बालकाच्या बाबतीत व्यवहार बहुधा एकाच वाटेने जातो. तेथील कायद्याप्रमाणे अमेरिकन नागरिकाने त्या देशात येताना-जाताना अमेरिकन पारपत्र वापरावयाचे असते. त्यामुळे दांपत्ये तेच काढतात. सोळा वर्षांखालील मुलासाठी आईवडील दोघांनी बालकासह जातीने हजर राहावे लागते. एकास येणे अशक्य असेल तर त्याचे नोटरीसमोर केलेले संमतिपत्र द्यावे लागते. ते पारपत्र पाच वर्षे चालते. येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. आई तात्पुरत्या परवान्यावर राहत असून वडील नागरिक अथवा कायम रहिवासी नसतील, तर त्यांच्या अपत्यास जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारू पाहणारा अध्यक्षीय आदेश २० जानेवारी २०२५ रोजी निघाला. त्याविरुद्ध दावे होऊन वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. यास्तव तेथील दांपत्याने प्रसूतीच्या सुमारास कोणता नियम अमलात आहे, हे अधिकृत ठिकाणीच विचारून घ्यावे. मित्रमंडळींच्या सांगण्यावर विसंबू नये.

परदेशी पारपत्र घेतलेल्या नातवंडाचा भारताशी संबंध तुटतो काय? नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर सुरू झालेल्या, ओसीआय या नावाने परिचित असलेल्या योजनेखाली त्यास आजन्म येण्याजाण्याची व राहण्याची मुभा मिळते. मात्र नावात नागरिकत्वाचा उल्लेख असला तरी ते खरे नागरिकत्व नव्हे. त्यास मतदानाचा हक्क नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. कोकणात वा घाटावर ज्यांची वडिलोपार्जित शेती आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. तथापि घाबरून जाऊ नये, कारण वारसाहक्काने येणारी जमीन अशा नातवंडास मिळू शकते.

आता कागदपत्रांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण आपल्या लोकांची खरी अडचण तेथेच होते. आपल्याकडे बारशास बाराव्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. परदेशातील रुग्णालयात मात्र बहुधा घरी सोडण्यापूर्वीच नोंदीसाठी नाव विचारतात. पत्रिका पाहून, अक्षर काढून, मग आजीची संमती घेऊन नाव ठरवू म्हणणाऱ्यांची तेथे तारांबळ उडते. तेव्हा मुलाचे एक आणि मुलीचे एक अशी दोन नावे आधीच ठरवून, त्यांची इंग्रजी अक्षरेही कागदावर लिहून ठेवावीत. जन्माच्या दाखल्यावर जी अक्षरे उमटतील, तीच पारपत्रावर व पुढे शाळेतही येतील. मधले नाव वडिलांचे लिहावयाचे की नाही, हेही तेव्हाच ठरवावे.

दुसरी अडचण मातेच्या नावाची. विवाहात तांदळाच्या ताटात सुनेचे नवे नाव लिहिण्याची आपली जुनी चाल आहे. चाल गोड आहे. परंतु पारपत्रावर माहेरचे नाव, विवाहाच्या दाखल्यावर सासरचे आणि बाळाच्या दाखल्यावर तिसरेच, असे झाले म्हणजे एकाच स्त्रीच्या तीन स्त्रिया होतात आणि त्या तिघी एकच असल्याचे शपथपत्र करीत फिरावे लागते. माझी सुनांना व लेकींना विनंती आहे की, विवाहाची नोंदणी लग्नाच्या वर्षातच करून दाखला जवळ ठेवावा आणि कोणते तरी एकच नाव सर्वत्र चालवावे. नाव माहेरचे असो की सासरचे, कायद्यास त्याचे सुखदुःख नाही. त्यास एकवाक्यता हवी असते.

छायाचित्राचीही कसोटी असते. डोळे उघडे, चेहरा समोर आणि दुसऱ्या कोणाचा हात चित्रात दिसता कामा नये. बाळास पांढऱ्या चादरीवर निजवून, दूध पिऊन ते प्रसन्न असताना वरून छायाचित्र घ्यावे, हा अनुभवी मातांचा उपाय उत्तम होय. भारतीय पारपत्रावर सहीऐवजी बाळाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. आणि पारपत्र हाती आले म्हणजे काम संपले असेही नव्हे. ज्या देशात आईबाप परवान्यावर राहतात, तेथे बाळास परत प्रवेश मिळण्यासाठी त्याचा परवानाही निघाला पाहिजे. तो निघण्यापूर्वी विमानाची तिकिटे काढू नयेत.

शेवटी आजी-आजोबांस दोन शब्द. नातवंडाचे मुख पाहण्याची आपली आतुरता स्वाभाविक आहे. परंतु "दिवाळीस बाळाला घेऊन याच," असा आग्रह आपण येथून धरतो, आणि तिकडे ते तरुण दांपत्य जे पारपत्र लवकर मिळेल ते काढून मोकळे होते. दोन महिन्यांच्या घाईने बालकाच्या जन्मभराचा प्रश्न सुटू नये. आपण त्यांना येण्याची तारीख विचारण्याआधी, नोंद झाली काय, हे विचारावे.

मंडळासही माझी एक सूचना आहे. ज्या कुटुंबांनी हे सोपस्कार पार पाडले आहेत, त्यांच्यापैकी इच्छुकांची देशवार यादी कार्यालयात ठेवावी, म्हणजे नव्याने परदेशी जाणाऱ्या दांपत्यास विचारावयास आपले माणूस मिळेल. शिष्यवृत्तीइतकेच हेही साहाय्य मोलाचे ठरेल, असा मला विश्वास वाटतो.

 आपल्या घरी येणाऱ्या प्रत्येक बालकास दीर्घायुष्य लाभो आणि त्याचे कागद वेळेवर तयार होवोत, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.