आपलें गांव कोणतें?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या चालकांनीं मला वीस मिनिटें दिलीं असून विषयाची निवड माझ्याकडेच ठेविली आहे. अशा प्रसंगीं मागील पन्नास वर्षांचा इतिहास सांगण्याची रूढि आहे खरी. परंतु तें काम माझ्याहून अधिक माहितगार मंडळी आज सायंकाळीं करणार आहेत. मी एक लहानसा प्रश्न आपणांपुढें ठेवतों. मागील महिन्यांत आपल्या तरुण मंडळाच्या बैठकींत त्यावर चांगलीच खडाजंगी झाली. अनोळखी माणसास 'तुम्ही कोठले?' असें विचारणें हा असभ्यपणा आहे काय? मुंबईच्या मोठमोठ्या कचेऱ्यांतून नोकरी करणारीं मुलें म्हणालीं, कीं हा प्रश्न आतां सभ्य माणसानें विचारूं नये. कोणाचें मन दुखावेल याचा नेम नाहीं. शेजारीं बसलेल्या एका आजीबाईंना हें कांहीं पटेना. त्या म्हणाल्या, "अरे, मग माणसाशीं बोलायला आरंभ तरी कोठून करायचा?"

आजीबाईंच्या बाजूनें आपली भाषाच उभी आहे, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. एस्. टी.च्या गाडींत, इस्पितळाच्या बाकावर, लग्नाच्या मांडवांत आपल्या लोकांचें पहिलें वाक्य ठरलेलें: 'आपलें गांव कोणतें?' उत्तर आलें, कीं 'तेथें आमच्या मावशीचें सासर' किंवा 'तिकडचे एक मास्तर आम्हांला शिकवीत' असा धागा निघतो, आणि घटकाभरांत दोन परक्यांचें नातें जुळतें. पत्त्यावर आपण नांवाखालीं 'मुक्काम पोस्ट' लिहितों. सातारकर, चिपळूणकर, नाशिककर या आडनांवांत तर प्रश्न येण्यापूर्वींच उत्तर देऊन ठेविलेलें असतें. आणि त्या 'आपलें' या शब्दाकडे जरा लक्ष द्या. विचारणारा आदरानें 'तुमचें' म्हणत असतो. पण त्याच शब्दांत 'आपणां दोघांचें' हाहि अर्थ आहे. इतर कित्येक भाषांत हा प्रश्न विचारला, तर विचारणारा अलीकडे व सांगणारा पलीकडे राहतो. मराठींत तो विचारतांना आपण अर्धी वाट चालून गेलेलों असतों.

येथवर आजीबाईंचा जय झाला. परंतु येथेंच थांबणें लबाडीचें होईल. 'गांव कोणतें' याच्यामागून 'आडनांव काय' येतें, आणि त्याच्यामागून 'कोणत्या आळींतले' येतें. जुन्या गांवांतून आळ्या जातवार वसलेल्या. तेव्हां आळी विचारणें म्हणजे जात विचारणेंच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या लहानपणची, १९०१ सालची, एक हकीकत लिहून ठेविली आहे. वडिलांना भेटण्यासाठीं निघालेले बाल आंबेडकर भावंडांसह सातारा जिल्ह्यांतील मसूर स्टेशनावर उतरले. न्यावयास कोणी आलें नव्हतें. नीटनेटक्या पोषाखांतील मुलें पाहून स्टेशन मास्तरानें मायेनें चौकशी केली आणि रिवाजाप्रमाणें 'तुम्ही कोण?' असेंहि विचारलें. मुलानें भाबडेपणानें जात सांगतांच मास्तराचा चेहरा पालटला. पुढें दुप्पट भाडें कबूल केल्यावर एक बैलगाडी मिळाली, पण गाडीवान मुलांच्या शेजारीं बसेना. मुलांनाच बैल हांकावे लागले. प्रश्न विचारीपर्यंत तो मास्तर दयाळूच होता, हें ध्यानांत घ्या. विष निघालें तें उत्तर ऐकल्यानंतर. आणि आपण ख्रिस्ती लोकांनीं ही कथा ऐकून दुसऱ्यांकडे बोट दाखवूं नये. सोयरीक जमवितांना आपल्या घरांतून काय काय विचारलें जातें, तें धर्मगुरु या नात्यानें मला चांगलें ठाऊक आहे. त्याविषयीं आजच्या आनंदाच्या दिवशीं अधिक बोलत नाहीं.

आपण वसईकर या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंस उभे राहिलेलों आहों. हा मुलूख १५३४ सालीं पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ सालीं मराठ्यांनीं तो जिंकून घेतला. त्या दोनशें वर्षांत आपल्या पूर्वजांना बाप्तिस्म्याबरोबर लोपीस, डिसोझा, परेरा अशीं आडनांवें मिळालीं. माणसें मात्र जेथल्या तेथें, त्याच वाडींत, त्याच विहिरीवर राहिलीं. आज आपला एखादा तरुण परगांवच्या कचेरींत नांव सांगतो. "अच्छा, म्हणजे गोव्याचे का?" "नाहीं, वसईचा." "पण मराठी किती छान बोलतां हो!" बोलणाऱ्याच्या मनांत वाईट कांहीं नसतें. परंतु ज्याच्या आजीनें ओव्या म्हणत दळण दळलें, त्याला त्याच्या मातृभाषेबद्दल शाबासकी देणें म्हणजे घरच्या माणसास घरांत आल्याबद्दल धन्यवाद देण्यासारखें आहे. तो हंसतो, आणि ती गोष्ट वर्षानुवर्षें विसरत नाहीं.

मुंबई-साष्टीच्या आपल्या बांधवांनीं तर याच प्रश्नापायीं एक नवें नांव धारण केलें. गोवा व मंगळूर येथून नोकरीसाठीं आलेले ख्रिस्ती आणि येथले मूळचे ख्रिस्ती यांच्यांतील भेद सरकारच्या ध्यानीं यावा, म्हणून १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, ते स्वतःस 'ईस्ट इंडियन' म्हणवूं लागले. गंमत पाहा, आम्ही येथलेच आहों हें पटविण्यासाठीं जें नांव घेतलें, तें लंडनच्या एका व्यापारी कंपनीवरून! उलट, ज्यांच्या मराठीचा आपण अभिमान मिरवितों ते फादर स्टीफन्स जन्मानें इंग्रज. ते १५७९ सालीं गोव्यास आले, त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापून निघालें, आणि आतां त्यांचें गांव कोणी विचारीत नाहीं. मात्र २०२० सालीं उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव येथें भरलेल्या साहित्य संमेलनासाठीं वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची अध्यक्षपदीं निवड झाली, तेव्हां कांहीं ठिकाणांहून विरोधाचा सूर निघालाच. त्या जागीं बसलेले ते पहिले ख्रिस्ती. जन्मभर ज्यांनीं मराठींत लिहिलें, त्यांनाहि 'कोठले?' हा प्रश्न चुकला नाहीं.

मग चांगला प्रश्न कोणता व वाईट कोणता, हें ओळखावें कसें? माझें मत असें आहे, कीं पहिला प्रश्न सहसा दोषी नसतो, दुसरा असतो. २०२२ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या राजवाड्यांत एक समारंभ झाला. तेथें राजघराण्याच्या सेवेंतील एका वृद्ध बाईंनीं इंग्लंडांतच जन्मलेल्या एका कृष्णवर्णी समाजसेविकेस ती कोठली, असें विचारलें. तिनें लंडनमधील आपलें ठिकाण सांगितलें. तेवढ्यानें बाईंचें समाधान होईना. खरी कोठली, आपली माणसें कोठलीं, असें पुनःपुन्हां चाललें. शेवटीं त्या बाईंना आपलें पद सोडावें लागलें, व पुढें त्यांनीं समक्ष भेटून क्षमा मागितली. 'कोठल्या?' यानें दुखापत झाली नव्हती. दिलेलें उत्तर न स्वीकारल्यानें झाली.

पवित्र शास्त्रांतहि हा प्रश्न किती तऱ्हांनीं येतो पाहा. हारानच्या विहिरीपाशीं याकोब अनोळखी मेंढपाळांना भाऊ म्हणून हांक मारतो आणि तुम्ही कोठले, असें विचारतो. तेथून त्याला मामाचें घर सांपडतें. मिसर देशांत योसेफ आपल्या भावांना तोच प्रश्न कठोर स्वरांत विचारतो. त्याला उत्तर ठाऊक असतें आणि धान्याच्या कोठाराच्या किल्ल्या त्याच्या हातीं असतात. पिलातहि प्रभूला तूं कोठला, असें विचारतो. तेथें उत्तरच मिळत नाहीं. मला स्वतःला शास्त्त्यांच्या पुस्तकांतील एक म्हातारा फार आवडतो. गिबा नगराच्या चौकांत संध्याकाळीं एक वाटसरू बसून आहे. गांवचा एकहि मनुष्य त्याला घरीं नेत नाहीं. शेतावरून परतणारा हा म्हातारा थांबतो, कोठून आलांस व कोठें चाललास, असें विचारतो आणि त्याला घरीं घेऊन जातो. पुढील कथा भयंकर आहे, ती येथें नको. परंतु शास्त्र आवर्जून सांगतें, कीं तो म्हातारा मूळचा त्या गांवचा नव्हे. तोहि डोंगराकडून येऊन तेथें राहिलेला. स्वतः परका राहिलेला मनुष्य कसें विचारावें तें जाणत होता. सेमिनरींत आम्हांला थोडें ग्रीकहि शिकविलें जाई. होमरच्या ओडिसींत यजमान पाहुण्यास आधीं पोटभर जेवूं घालतो आणि मग विचारतो, कीं तूं कोण, कोठला. त्यांच्या मतें उपाशी माणसास नांवगांव विचारणें हाच खरा असभ्यपणा.

हें सर्व दूरचें झालें. आतां आपल्या चर्चच्या दाराशीं येऊं. पन्नास वर्षांपूर्वीं येथें लोक एकमेकांस वाडीच्या नांवानें ओळखीत. आज रविवारच्या मिस्सेला केरळ, मंगळूर, तामिळनाडू, छोटानागपूर येथून आलेलीं कुटुंबें बसतात. कित्येकांचीं मुलें वसईंतच जन्मलीं. जुन्या रहिवाशांचें दुःख मी जाणतों. वाड्या तुटल्या, बावखलें बुजलीं, विहिरींचें पाणी खारें झालें. हरित वसईची चळवळ आपल्या लोकांनीं उगीच केली नाहीं. पण ज्यानें आयुष्याची पुंजी घालून इमारतींत दोन खोल्या घेतल्या, त्यानें बावखल बुजविलें नाहीं. आणि ती जमीन विकणारेहि पुष्कळदां आपल्यांतलेच. तरी दाराशीं भेटतांच आपण त्याला विचारतों, 'तुम्ही कोठले?', आणि त्याला ऐकूं येतें, 'येथें कशाला आलांत?'

एक गोष्ट दोन्ही घरांच्या संमतीनें सांगतों. आपल्याच धर्मग्रामांतील एक गृहस्थ ३१ वर्षें येथें राहून वारले. त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे याच चर्चमध्यें झाले. त्यांची पत्नी कित्येक वर्षें वेदीवरील फुलें सजवीत आली. प्रेत घरांत असतांना एका शेजाऱ्यानें त्यांच्या मुलास सहज विचारलें, "गांवाला न्यावयाचें असेल ना?" शेजाऱ्याचा हेतु गाडीची सोय करावी एवढाच होता. मुलगा मला नंतर म्हणाला, "फादर, तुमच्या दफनभूमींत बाबांना जागा आहे ना, हें मला त्या घटकेला समजेना." 'तुमच्या' म्हणाला तो, 'आपल्या' म्हणाला नाहीं. तें कुटुंब पुढें कित्येक महिने दुसऱ्या धर्मग्रामांत मिस्सेला जात असे, आणि शेजाऱ्याला त्याचें कारणहि कळेना.

तर मग तरुण मंडळी म्हणतात त्याप्रमाणें विचारणेंच बंद करावें काय? मला तें मान्य नाहीं. 'सहा महिने चर्चला येत होतें, कोणीं साधें विचारलेंहि नाहीं,' हें गाऱ्हाणें नव्या लोकांकडून मी दुसऱ्यापेक्षां अधिक वेळां ऐकलें आहे. एकाच जिन्यावर दोन दारें वर्षभर एकमेकांसमोर बंद राहणें, यास कोणी सभ्यता म्हणेल तर म्हणो. विचारावें, पण आधीं स्वतःचें सांगावें: 'मी अमुक वाडीचा, आपण?' सांगणाऱ्यास मग चौकशीला बसल्यासारखें वाटत नाहीं. आणि 'मी येथलाच' असें उत्तर आलें, तर तो येथलाच. त्याच्या बोलण्यांत केरळचा हेल असो किंवा मंगळूरचा, 'तसें नव्हे, मूळचे कोठले?' असें पुढें रेटूं नये. मूळ गांव सांगावेंसें वाटलें, तर तो स्वतःच सांगेल, आणि बहुधा तासभर सांगेल. आपल्या माणसांना गांवाविषयीं बोलण्यास फार आग्रह करावा लागतो, असा माझा अनुभव नाहीं!

माझीं वीस मिनिटें संपत आलीं, आणि शाळेच्या पटांगणाकडून कढीचा वास येऊं लागला आहे. पंगतींतील जागा यंदा चिठ्ठ्या टाकून ठरविल्या आहेत, असें तरुण मंडळाचे चिटणीस सांगतात. म्हणजे कोणाच्या शेजारीं कोण येईल याचा भरंवसा नाहीं. आजीबाई, आपली चिठ्ठी सातव्या पंगतीची आहे. शेजारीं कोण बसलें तें मला सायंकाळीं सांगा.