३० सप्टेंबरचा पट



आमच्या घरी दसरा-दिवाळीइतकीच महत्त्वाची आणखी एक तारीख होती, ती म्हणजे ३० सप्टेंबर. माझे वडील सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत होते. त्या दिवशी शाळेचा जो पट असेल, त्यावर शिक्षक किती मिळणार हे ठरायचं. त्यामुळं सप्टेंबर लागला की बाबांची पायपीट सुरू व्हायची. कुणाचं बिऱ्हाड मुंबईला चाललंय, कुणाची पोरगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसलीय, ते दारोदार जाऊन बघायचे. संध्याकाळी घरी आले की आई भाकरी वाढताना एवढंच विचारायची, "किती झाला पट?"

लग्नानंतर २०१५ साली मी आयर्लंडला गेले. मी नर्स आहे. आयर्लंडच्या रुग्णालयांत भारतातल्या नर्सेस पुष्कळ आहेत. मला पश्चिमेकडच्या मेयो काउंटीत नोकरी मिळाली आणि आम्ही कॅसलबार या शहरापासून थोडं दूर, एका खेड्यात घर भाड्यानं घेतलं. शहरात भाडी परवडत नव्हती, एवढंच त्याचं कारण. दगडी कुंपणं, मेंढ्या, पाणथळ माळ आणि वर्षातले बहुतेक दिवस पाऊस. कोयनेकाठी वाढलेल्या माणसाला पावसाचं काय अप्रूप! पण हा पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता रेंगाळतो.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये माझी मुलगी चार वर्षांची असताना गावच्या शाळेत जाऊ लागली. तिथं प्राथमिक शाळा आठ वर्षांची असते. दोन वर्षं शिशुवर्ग आणि मग पहिली ते सहावी. या शाळांना 'नॅशनल स्कूल' म्हणतात. ही व्यवस्था १८३१ सालापासूनची आहे. आमच्या शाळेच्या भिंतीवर आयरिश भाषेत नाव आणि साल कोरलेला दगड आहे. आत दोन वर्गखोल्या. एका खोलीत शिशुवर्गापासून दुसरीपर्यंत, दुसरीत तिसरीपासून सहावीपर्यंत. शिक्षिका दोनच, आणि मोठ्या खोलीतल्या बाई त्याच मुख्याध्यापिका. पूर्वी थंडीच्या दिवसांत मुलं घरून शेगडीसाठी पीटचं, म्हणजे दलदलीतल्या वाळलेल्या मातीचं, एकेक ढेकूळ काखोटीला मारून यायची. आता खोली गरम करायची सोय आहे. बाकी मी दारात उभी राहिले आणि मला वाटलं, ही तर बाबांची शाळा!

मुलगी पहिल्याच आठवड्यात घरी येऊन सांगू लागली, "आमची मुन्चोर अशी म्हणाली, आमची मुन्चोर तशी म्हणाली." आयरिश भाषेत शिक्षकाला हाक मारायचा तो शब्द. फोनवर बाबांनी ऐकला आणि म्हणाले, "गुरुजींना चोर म्हणतात? बरा देश आहे तुमचा!" आयरिश ही तिथली पहिली राष्ट्रभाषा, प्रत्येक शाळेत शिकवली जाते, पण घरात बोलणारे थोडे. शाळा सुटून चाळीस वर्षं झालेला माणूससुद्धा एक वाक्य मात्र हमखास म्हणून दाखवतो, ते म्हणजे "मी शौचालयाला जाऊ का?" कारण ते आयरिशमध्ये विचारल्याशिवाय बाई सोडत नसत.

एवढ्याशा शाळेत मुलं करतात तरी काय, असं तुम्ही विचाराल. एक म्हणजे सगळे टिनची बासरी वाजवतात. मार्चमध्ये आयरिश भाषेचा सप्ताह असतो. हॅलोवीनला फळांचा गोड पाव करतात, त्यात एक अंगठी लपवलेली असते. तो सण आणि आपली दिवाळी जवळजवळ येतात, तेव्हा माझ्या मुलीनं एका वर्षी शाळेच्या व्हरांड्यात रांगोळी काढली. पावसानं ती दोनदा पुसली आणि मुलांनी तिसऱ्यांदा काढली.

'ग्रीन स्कूल्स' नावाचा एक उपक्रम आहे. 'अन टाश्का' ही पर्यावरण संस्था १९९७ पासून तो आयर्लंडमध्ये चालवते. कचरा, वीज, पाणी, प्रवास असे एकेक विषय घेऊन शाळेनं दोन-दोन वर्षं काम करायचं आणि मग शाळेला हिरवा झेंडा मिळतो. त्याची समिती मुलांची असते. आमच्या शाळेत मुलं मधल्या सुट्टीनंतर डब्यातलं उरलेलं अन्न ताणकाट्यावर तोलून फळ्यावर आकडा लिहायची. माझ्या मुलीचं नाव त्या समितीत आल्यापासून आमच्या घरात ताटात भाताचं शीत टाकायची सोय उरली नाही. झेंडा आला त्या दिवशी गावातले म्हातारे शेतकरी ट्रॅक्टर उभे करून तो चढवताना बघत होते.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते एका वहीबद्दल.

१९३७ ते १९३९ या काळात तिथल्या लोकसाहित्य आयोगानं एक विलक्षण गोष्ट केली. देशभरातल्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांच्या मुलांना सांगितलं, घरी जा, आजी-आजोबांना विचारा, शेजाऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. दुष्काळाच्या आठवणी, पवित्र विहिरी, घरगुती औषधं, लोणी घुसळायच्या रीती, पावसाची लक्षणं, भुताखेतांच्या जागा. मुलांनी लिहिलं आणि त्याची सात लाख चाळीस हजारांच्या आसपास पानं झाली. विद्वान माणसांना जन्मभर हिंडून जे जमलं नसतं, ते अकरा-बारा वर्षांच्या खेड्यातल्या पोरांनी केलं. २०१७ साली युनेस्कोनं या आयोगाच्या संग्रहाची 'जगाची स्मृती' म्हणून नोंद केली. आता ती पानं 'दूखस' या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. दूखस म्हणजे वारसा.

२०२१ च्या हिवाळ्यात मुख्याध्यापिकाबाईंनी मुलांना आपल्याच शाळेची जुनी पानं उघडून दाखवली. एका मुलाला त्यात त्याच्या पणजोबांचं अक्षर सापडलं. पणजोबा तेव्हा बारा वर्षांचे! ती हस्ताक्षरं वाचून संगणकावर उतरवायचं काम स्वयंसेवक करतात. त्या गटाचं नाव 'मेहेल'. मेहेल म्हणजे सगळ्या गावानं मिळून एकाचं शेतकाम उरकायचं, आपल्याकडची इर्जिकच म्हणा ना. आमच्या मोठ्या खोलीतली मुलं त्या इर्जिकीत उतरली आणि आपल्या पंचक्रोशीतली पानं उतरवू लागली.

मग बाईंनी गृहपाठ दिला, घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला पावसाची लक्षणं विचारून या. आमच्या घरातलं वडीलधारं माणूस साताऱ्यात. मुलीनं व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी सांगितलं, टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, मुंग्या अंडी तोंडात धरून निघाल्या तर पाऊस जवळ. तिनं ते इंग्रजीत लिहून नेलं. वर्गात इतरांनी आणलं होतं, पाकोळ्या खालून उडाल्या तर पाऊस, धुराड्यातून काजळी पडली तर पाऊस, मांजर शेगडीकडे पाठ करून बसलं तर हवा बिघडणार. बाईंनी सगळं एकाच वहीत चिकटवलं. मेयोच्या त्या वहीत पाटणची टिटवी जाऊन बसली. बाबांना मी त्या पानाचा फोटो पाठवला. ते त्यावर काहीच बोलले नाहीत, पण आईनं सांगितलं की तो त्यांनी छापून आणून भिंतीवर लावलाय.

आता तुम्ही म्हणाल, सगळं गोड गोड. तसं नव्हतं. माझ्या मुलीच्या इयत्तेत ती एकटीच मुलगी होती. तिच्याशी एखादीचं बिनसलं तर दुसरी मैत्रीण शोधायला जागा नव्हती. एका बाईंच्या हाताखाली चार-चार इयत्ता. दुसरीत वर्गातली मुलं पहिल्या कम्युनियनची तयारी करत, तेव्हा ही बाजूला पुस्तक वाचत बसायची. बाईंनी आधी आपणहून फोन करून आम्हाला विचारलं होतं, तरी तिला एकटं वाटायचं ते वाटायचंच. डब्लिनमधल्या माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, "अगं, आमच्या शाळेत चार-पाचशे मुलं, सभागृह, बुद्धिबळाचा वर्ग. तू मुलीला कुठं खेड्यात ठेवलीस?" मलाही ते पटायचं. २०२२ च्या मार्चमध्ये मी कॅसलबारच्या एका मोठ्या शाळेचा अर्ज भरला. मे महिन्यात उत्तर आलं, जागा आहे.

त्याच आठवड्यात गावच्या शाळेत पालकांची सभा झाली. बाईंनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. सहावीतली इतकी मुलं जाणार, नवीन इतकी येणार. तिथंही शिक्षकांची संख्या पटावर ठरते, आणि श्रोतेहो, तो पट मोजायची तारीख कोणती असेल? ३० सप्टेंबर! मी चमकलेच. पूर्वी दुसऱ्या शिक्षकाला बारा मुलं पुरत. २०१२ च्या अर्थसंकल्पानं तो आकडा टप्प्याटप्प्यानं वीसपर्यंत नेला, पुढं तो थोडा खाली आला. आमच्याकडं गरजेपेक्षा एकच मूल जास्त राहणार होतं. एक शेतकरी उठून म्हणाला, "दुकान गेलं, पोस्ट गेलं. आता एवढंच राहिलंय." सगळे गप्प. माझ्या पर्समध्ये कॅसलबारच्या शाळेचं पत्र होतं. इथं तर आणखी एक मूल गळलं तर काठावर, आणि दोन गळली की शाळा एकशिक्षकी.

मी कुणाला काही बोलले नाही. घरी येऊन बाबांना फोन केला. वाटलं, ते म्हणतील, शाळा सोडू नकोस. त्यांची वाडीवरची शाळा ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी पट घटून शेजारच्या गावात विलीन झाली होती. पण बाबा म्हणाले, "शाळा वाचवायला पोर वापरायचं नसतं. तिचं भलं कशात ते बघ. मी दारोदार हिंडायचो ते पोरांसाठी, माझ्या जागेसाठी नव्हे." आणि जरा थांबून म्हणाले, "जागेसाठीही असेल थोडं."

जूनमध्ये गेलिक फुटबॉलच्या लहान शाळांच्या स्पर्धा होत्या. मेयोत हा खेळ म्हणजे धर्मच. काउंटीच्या संघानं राष्ट्रीय अजिंक्यपद १९५१ नंतर जिंकलेलं नाही, तरी प्रत्येक पोराच्या अंगात हिरवा-लाल जर्सी. या खेळात तेव्हा गोलाचे तीन गुण असत आणि आडव्या दांडीच्या वरून चेंडू गेला तर एक. मोठ्या शाळेत संघ निवडतात. आमच्याकडं निवडायला होतंच कोण? मोठ्या खोलीतली मुलं-मुली सगळी संघात. माझी मुलगी पळण्यात मठ्ठ, म्हणून गोलकीपर. आणि हा संघ अंतिम सामन्यात पोचला! तिनं तीन चेंडू अडवले, एक सोडला आणि सामना एका गुणानं गेला. परतताना गाडीत ती रडली, मग चिप्स खाल्ले, मग झोपली.

रात्री मी तिला कॅसलबारच्या शाळेचं पत्र दाखवलं. तिथं काय काय आहे ते सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. तिनं नीट ऐकलं आणि विचारलं, "पण मग पुढच्या वर्षी गोलमध्ये कोण उभं राहणार?"

मोठ्या शाळेत तिला खूप काही मिळालं असतं. पण आपण नसलो तर अडेल, असं वाटायची जागा तिला तिथं मिळाली असती का, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मी कॅसलबारला नकार कळवला.

मी काही शाळा वाचवली असं समजू नका. त्या वर्षी युक्रेनमधलं युद्ध सुरू झालं होतं आणि सप्टेंबरमध्ये तिथून आलेल्या दोन कुटुंबांतली तीन मुलं आमच्या शाळेत दाखल झाली. पट वाढला तो त्यांच्या दुर्दैवानं. त्यातल्या एकाला इंग्रजीचा शब्द येत नव्हता, पण हिवाळा सरेपर्यंत तो संघाचा सर्वांत चपळ खेळाडू झाला. लोकसाहित्याच्या वहीत त्याच्या आजीची पावसाची लक्षणंही आली.

आपल्याकडं २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढं आला, तेव्हा बाबांनी मला ती बातमी वाचून दाखवली. दोन्हीकडं वीसच! मोठ्या शाळेचे फायदे खरे आहेत, ते मी नाकारत नाही. पण हिशेब करताना ताणकाट्यावरचं अन्न, पणजोबांचं अक्षर आणि बदली खेळाडू नसलेला संघ यांचीही कुठंतरी नोंद व्हावी, एवढंच मला वाटतं.

मुलगी सहावी पूर्ण करून २०२५ मध्ये माध्यमिक शाळेत गेली. आता त्या शाळेत आमचं कुणी नाही. तरी ३० सप्टेंबरला संध्याकाळी बाबांचा फोन येतो. तब्येत, पाऊस, भाजीपाला कशाचीही चौकशी न करता ते पहिल्यांदा विचारतात, "किती झाला पट?"

मी आधीच बाईंना विचारून ठेवलेलं असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)