नोंदीत काय लिहायचं, काय नाही

(पाळक आणि मंडळीतील सेवेकऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



तुमच्यापैकी काहीजण पाळक आहात, काहीजण भगिनी मंडळात किंवा तरुण संघात काम करता. बहुतेकांच्या घरातले पहिले पदवीधर तुम्हीच. म्हणून गल्लीत कुणी आजारी पडलं की रिपोर्ट वाचायला तुम्हालाच बोलावतात, आणि मग रात्रभर उशाशी बसायलाही. म्हणजे पाळकीय सेवा तुम्ही करताच. आज तिच्या एकाच साधनाबद्दल बोलतो: संभाषणाची शब्दशः नोंद.

अमेरिकेतले पाळक अँटन बॉइसन १९२० मध्ये स्वतः मनोरुग्णालयात दाखल झाले होते. बरे झाल्यावर १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर स्टेट हॉस्पिटलात त्यांनी धर्मविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये नेलं. ग्रंथ वाचतो तितक्याच बारकाईने माणूस वाचा, असा त्यांचा आग्रह. त्यातून वाढलेल्या प्रशिक्षणात भेट संपली की आठवून लिहायचं: ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, कुठे गप्प बसलो. मग ते गटात वाचायचं. तपासणी रुग्णाची नसते, आपल्या कानांची असते.

आपल्याकडे या नोंदीतून एक गोष्ट हमखास गळते. वॉर्डातली बाई प्रार्थनेआधी विचारते, "आडनाव काय तुमचं?" सेवेकरी सांगतो, पण नोंदीत ते येत नाही. त्याला ते अवांतर वाटतं, किंवा लाज वाटते. मला तर तिथेच थांबायचं असतं. ती तुम्हाला खालचं ठरवत होती, की आपलं माणूस आहे का ते चाचपत होती? आपलं माणूस दिसलं तर ती कदाचित सांगेल, की इथे गोळ्या शेजारणीच्या हातात देतात, माझ्या मात्र टेबलावर ठेवतात. हे न ऐकता 'रुग्णाला न्यूनगंड आहे' असं लिहिलं, तर ते निदानच चुकलं. चर्चच्या धर्मविज्ञानात दलित कुठे आहे, हा प्रश्न अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात मांडला. खाटेशेजारच्या नोंदीपर्यंत तो अजून पुरता पोचलेला नाही.

म्हणून जात लिहा, असं मी म्हणतो. पण त्यात धोकाही आहे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला बांधला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजून बाहेरच आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतल्या एका महिलेला हे प्रमाणपत्र नाकारलं, तेव्हा तिचा बाप्तिस्मा हा त्यातला एक मुद्दा होता. हा अन्याय आहे असं मी मानतो, पण तो वाद वेगळ्या व्यासपीठाचा. इथे प्रश्न तुमच्या वहीचा आहे.

उद्या एखादी मुलगी सांगेल, "हॉस्टेलवर झोप लागत नाही. घरी प्रार्थना चालते आणि अर्जात हिंदू लिहिलंय." तिचं नाव, गाव, कॉलेज, मंडळी यातलं काहीही कागदावर नको. खरी आद्याक्षरंही नकोत. लहान मंडळीत तेवढ्यावरून ओळखतात. फोटो नको. व्हॉट्सॲपवर 'प्रार्थनेची विनंती' म्हणून तर मुळीच नको. (आपल्याकडे प्रार्थनेची विनंती सगळ्यात वेगाने पसरते, हे तुम्हाला माहीत आहे.) वर्ग संपला की कागद फाडायचा. मात्र ते वाक्य गाळू नका, कारण तिची झोप त्याच वाक्याने उडाली आहे. गटात तेवढ्यावरूनही ती ओळखू येणार असेल, तर फक्त प्रशिक्षकाला तोंडी सांगा.

आणि तिने मरणाची भाषा केली, तर गुप्तता तिथे थांबते. हे तिलाच आधी सांगा, तिला एकटी सोडू नका, डॉक्टर गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक पाठ ठेवा.

जेवणानंतर जोड्या करू. एकाने दहा मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. लिहायचं मागाहून, म्हणून वह्या आत्ताच पिशवीत टाका.